इरल्यासाठी घेतलेला फ्रीझर

रोह्यातल्या आमच्या वाचनालयाच्या मागे दोन खोल्या आहेत, त्यांना आम्ही संग्रहालय म्हणतो. जाती, नांगर, मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या, असलं सगळं. कंपनीतून रिटायर झाल्यावर किल्ल्या माझ्याकडे आल्या, म्हणजे मीच मागून घेतल्या. मला रिकामं बसवत नाही आणि दुसऱ्याने केलेलं काम पसंत पडत नाही, असं बायकोचं मत आहे.

तिथलं एक इरलं मी स्वतः आणलेलं. निडीच्या पुढे एका वाडीवर एक म्हातारी राहते. लावणीच्या दिवसांत पावसापासून आडोसा म्हणून डोक्यापाठीवर घ्यायचं हे इरलं तिच्या नवऱ्याने बांबूच्या कांबी आणि पळसाची पानं घेऊन विणलं होतं. तो गेला. आता वाडीवर ते कुणालाच विणता येत नाही, सगळे प्लास्टिक पांघरतात. चुलीच्या वर, धुरात, ते काळंकुट्ट होऊन टांगलेलं होतं. ती द्यायला तयार नव्हती. मी तीनदा गेलो. म्हटलं, "मावशी, इथे कुजून जाईल. आमच्याकडे नीट राहील. कधीही या, नातीला दाखवा." तिसऱ्या खेपेला तिने ते खाली काढून दिलं.

आणल्यावर दोन दिवस बसून मी त्याची काजळी पुसून काढली. पिवळाधमक बांबू वर आला. मी स्वतःवरच खूश होतो.

पुढच्या वर्षी भिंतीखाली बारीक पिवळं पीठ पडलेलं दिसलं. कांबींना टाचणीएवढी भोकं. भुंगा लागला होता. शहरातल्या एका संग्रहालयातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, औषध मारू नका, पानं जातील. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे वीस किंवा त्याखाली, आणि तिथवर पटकन गेलं पाहिजे.

मी पेणला दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "काका, मासळी का आइसक्रीम?" म्हटलं, भुंगे. तो हसला, मीही हसलो. पत्र्याच्या जाड झाकणाचा फ्रीझर हवा तेवढा थंड होत होता, पण आखूड होता. इरल्याचं माप मी सुतळीवर घेऊन गेलो होतो, ते चार बोटं बाहेर राहत होतं. इरलं काही घडी घालता येत नाही. "मोठा पनवेलहून मागवावा लागेल. पंधरा दिवस धरा," तो म्हणाला. शेजारी काचेच्या सरकत्या झाकणाचा आइसक्रीमवाला फ्रीझर होता, लांबलचक. सुतळी त्यात आरामात मावली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! रोज पीठ पडतंय, पंधरा दिवस कोण थांबणार? वर चिकटवलेल्या कागदावर उणे अठरा लिहिलं होतं. म्हटलं, दोन अंशांनी काय होतं? टेम्पोत घालून मी तोच घेऊन आलो.

कंपनीत तीस वर्षं मी दर शिफ्टला मीटर बघून आकडे लिहिले. नव्या पोरांना ओरडायचो की कागदावर विश्वास ठेवू नका, काटा बघा. आणि त्या फ्रीझरमध्ये मी थर्मामीटर ठेवला नाही. दोन आठवड्यांनी इरलं काढून भिंतीवर लावलं आणि भेटेल त्याला सांगत सुटलो, की भुंग्यांचा निकाल लावला.

महिन्याभराने पीठ पुन्हा पडलं, पहिल्यापेक्षा जास्त. तेव्हा कुठे थर्मामीटर ठेवला. उणे बारा. त्याखाली काटा जाईना. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अर्धवट थंडीत ते मरत नाहीत, झोपतात." मोठा फ्रीझर मागवावा म्हणून पुन्हा माप घ्यायला मी इरलं उचललं, तर मधली कांब हातातच मोडली. आत काही उरलं नव्हतं. मागवणार कशासाठी? कधी नव्हे ते मी तिथेच खाली बसून रडलो.

लावणीच्या आधी म्हातारी आली, नातीला घेऊन. मी इरलं टेबलावर कापडात ठेवलं होतं. खोटं बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. तिने कांबीवर बोट फिरवलं, बोटाला पीठ लागलं.

"काजळी कुनी काडली?"

"मीच, मावशी."

"ती काडायची नसती, भाऊ." आवाज चढला नाही.

मी म्हटलं, घरी न्या. जे उरलंय ते चुलीवर टांगा, धुरात तरी वाचेल.

"चूल कुठं हाय आता? घरकुल झालं, गॅस आला. धूर नाय."

तिने कापडाची टोकं एकेक करून इरल्यावर पुन्हा पांघरली.

"ऱ्हाऊ दे हितंच. तुमच्याकडं नीट राहील म्हनला व्हता ना."

तो टोमणा नव्हता. तिला अजूनही तसंच वाटत होतं. मग नातीला म्हणाली, "चल गो, गाडी जाईल," आणि दोघी स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.