गुहागरचा शिमगा आणि बायकोचा प्रबंध

माझी बायको वसुधा अर्थशास्त्र शिकवते. कामगार नोकऱ्या का बदलतात, यावर ती पाच वर्षं प्रबंध लिहीत होती आणि मी पाच वर्षं चहा करत होतो. तिचं म्हणणं, हुशार कामगार जास्त पगारासाठी नोकरी बदलतो. सगळं जुळत होतं. फक्त मुंबईत काम करणारे गुहागरकडचे लोक सारख्या नोकऱ्या बदलूनही होते तिथेच होते. हे कोडं सुटलं की प्रबंध पुरा आणि कॉलेजात ती कायम. शिमग्याला सगळे चाकरमानी गावी सापडतील, म्हणून आम्ही निघालो. मी माशांसाठी.

पुण्याहून कुंभार्ली घाटातून चिपळूण, पुढे गुहागर. एसटीचा अख्खा दिवस. आरक्षण करा, नाहीतर माझ्यासारखं मांडीवर परक्याचा ढोल घेऊन बसाल. सुपारीच्या वाडीत तीनशे रुपयांत खोली मिळाली. पंखा होता, फिरत नव्हता. खानावळीतल्या सुरमईपुढे मी अर्थशास्त्र साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं जवळच्या एका गावात गेलो. संतोष नावाचा चाकरमानी ग्रामदेवतेची पालखी दारी येणार म्हणून अंगण सारवत होता.

"दर वेळी पगार वाढला म्हणून नोकरी बदलली ना?" वसुधानं आशेनं विचारलं.

"छ्या! कमीच झाला. शेटनं शिमग्याला रजा नाय दिलीन, सोडली. दुसऱ्यानंपन नाय दिलीन, तीपन सोडली."

"अहो, नुकसान झालं की तुमचं!"

"झालाच तर. पन म्याडम, पालखी दारात आली नि मी नसलो तर खांदा कोन देनार?"

पुढच्या चार घरांत हेच उत्तर. वसुधाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "नको लिहूस. कोण येतंय तपासायला?"

"मी तपासलंय ना," ती म्हणाली.

संध्याकाळी पालखी आली. संतोष ती खांद्यावर घेऊन असा नाचला, की वसुधा प्रश्न विचारायचे सोडून बघतच राहिली.

पुण्याला परतून तिनं खरं ते लिहिलं. मार्गदर्शक म्हणाले, शिमगा हे काही आर्थिक कारण नव्हे. प्रबंध लटकला, कायमची जागा दुसऱ्याला गेली. मला फार वाईट वाटलं, रागही आला. तिचा आणि संतोषचाही.

गेल्या महिन्यात तिनं दुसऱ्या कॉलेजात मुलाखत दिली. पगार ठरला, सगळं ठरलं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो," वसुधा म्हणाली, "शिमग्याला रजा मिळेल का?"