तुलसीचं टक टक

लग्नाला चार महिने झाले, पण सासरी मी अजून कमीच बोलते. त्यामुळे शाळेतले किस्से पोटात साचतात आणि संध्याकाळच्या चहाला सासूबाई ते बरोब्बर काढून घेतात. "आज काय केलं तुझ्या पोट्ट्यांनी? सांग न!"

मी इथल्या हिंदी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. वर्गात शंकर नगरच्या बंगल्यांतला अर्णव आहे. त्याच्या खोलीत त्याचा स्वतःचा लॅपटॉप. आणि उरला या कारखान्यांच्या वस्तीतली तुलसी आहे. तिच्या अख्ख्या घरात एक मोबाईल, तोही बाबांबरोबर कारखान्यात जातो.

पहिल्याच आठवड्यात मी ग्रुपवर होमवर्क टाकला. सकाळी तुलसी उभी. "मैडम, होमवर्क ड्यूटी पे गया है. शाम को आएगा!"

अर्णवनेही केला नव्हता. "मैम, नेट स्लो था." होमवर्क वहीत करायचा होता!

*

पालकसभेत एक फॉर्म भरायचा होता. तुलसीच्या आईला विचारलं, "घर में डिवाइस कौन सा है?"

त्या जरा विचार करून म्हणाल्या, "एक ठन कूलर हे, मैडम."

रकाना रिकामा नको म्हणून मी 'एक कूलर' असंच लिहिलं. ऑफिसने मंजूरही केलं!

*

मग टायपिंगची स्पर्धा आली. शाळेतून एकच नाव जाणार, आणि तुलसीला ते आपलंच हवं होतं. लॅबचा तास आठवड्यातून एक, एका मशीनवर तिघं. तिने कॅलेंडरच्या पाठीवर कीबोर्डचं चित्र काढून घरी नेलं. आमच्या मशीनवरचं पुसलेलं 'एम'सुद्धा तसंच कोरं ठेवून!

"इस पर टाइप किया हुआ दिखता कहाँ है?"

"दिखता नहीं मैडम, याद रखना पड़ता है."

बटणाचा आवाज ती तोंडाने काढायची. टक. टक.

सासूबाई चहा सांडेपर्यंत हसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "त्या पोट्टीले एकटीले मशीन काहून नाही देत तुम्ही?"

मी सांडलेला चहा पुसायला फडकं आणलं.

*

निवडीच्या दिवशी मात्र प्रत्येकाला एकेक मशीन मिळालं. प्राचार्य घड्याळ धरून उभे. अर्णवची बोटं सुसाट. तुलसीची बोटंही चालू आणि तोंडही. "ये टक-टक कौन कर रहा है?" प्राचार्य गरजले.

आणि लाइट गेली!

सगळे स्क्रीन काळे. लॅबभर गोंधळ. अर्णव रडकुंडीला, "मैम, मेरा सब उड़ गया!"

कोपऱ्यातून टक. टक. टक.

"तुलसी, लाइट चली गई!"

"हव मैडम," मान वर न करता ती म्हणाली, "मेरा तो चल रहा है!"