मिलिंग मशीनची दुसरी चाचणी

आमच्या कारखान्याने स्वतः घडवलेल्या पहिल्या मिलिंग मशीनची ती दुसरी चाचणी होती. पहिल्या वेळी कटर लोखंडात शिरताच अख्खं मशीन थरथरलं होतं. म्हणून आमच्या डिझायनर नलिनीताईंनी त्याचा खांब नव्याने आखला, आतून फासळ्या घालून भक्कम केला. ड्रॉइंग मी काढली होती. आजही थरथरलं, तर मालक हा नाद सोडून पुन्हा सुटे भागच बनवणार होते.

मशीन सुरू झालं. ताईंनी खांबावर तळहात टेकवला, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मला वाटलं, कागदावरची रेघ कधी थरथरत नाही. मनात रचलेलं सगळं तिथे सुखरूप असतं. त्याला वजन आणि वेग मिळाला, की ते आपलं ऐकेलच असं नाही.

कटर लोखंडात शिरला. आवाज जड झाला.

"ताई, थरथरतंय का?"

"थरथरतंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हात उचलून माझ्यासमोर धरला. "मशीन नाही रे. हा."

कटरमागे लोखंड गुळगुळीत होत चाललं होतं, आणि तो हात काही केल्या थांबत नव्हता.