गवार निवडून होईपर्यंत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवार निवडली. दुपारचा चहा झाला होता. ती पंख्याखाली जमिनीवर, मी खुर्चीत, कारण माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. मधे स्टुलावर परात. आणि नियम तिचाच होता: परातीतली भाजी संपेपर्यंत मराठी बोलायचं नाही.

हा नियम तिनं दिवाळीपासून चालवला होता. भाजी निवडायला बसलं की इंग्रजी. मेथी असली की खूप इंग्रजी, गवार असली की त्याहून जास्त. मी मुद्दाम दुधी आणायचो.

त्या दिवशी तिचं अडलं ते नेहमीच्याच जागी. लेकीनं फोनवर पहिला धडा पाठवला होता. आधी आपलं नाव सांगायचं, मग शेजारी बसलेल्या माणसाची ओळख करून द्यायची. "धिस इज माय हजबंड," ती ठणठणीत म्हणाली. "हिज नेम इज..." आणि गवारीची शीर ओढत बसली.

"इज?" मी विचारलं.

"अहो."

"हिज नेम इज अहो?"

ती तोंडावर पदर घेऊन हसली. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं माझं नाव, त्यानंतर नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात कुणी विचारलं की मला कोपरानं ढोसायची. मीही तिचं कधी घेतलं नाही. 'अगं' आणि 'ऐकलंस का' एवढ्यावर आमचा संसार झाला. आमच्यात तसंच होतं. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

"तिथं मास्तरीण विचारील तेव्हा काय करशील?" मी नियम मोडून मराठीत विचारलं.

"तिथं घेईन की. इंग्रजीत नवऱ्याचं नाव घेतलेलं चालतं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"नो मराठी," असं म्हणून तिनं उरलेल्या शेंगा माझ्याकडे सारल्या.

निवडलेली गवार तिनं फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी करते म्हणाली. संध्याकाळी कुकर लावायला उठली आणि ओट्याला धरून खाली बसली. दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं होतं, असं डॉक्टरनं सांगितलं. मला ते रिक्षातच कळलं होतं.

हे इंग्रजीचं कुठून निघालं ते सांगायला हवं. आमचा मंडईत गाळा. लिंबं, आलं, मिरची, कोथिंबीर. मी चौथीतून शाळा सोडलेला, ती माझ्यापेक्षा थोडी जास्त शिकलेली आणि ते ती मला विसरू द्यायची नाही. आमचं इंग्रजी म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवून येणाऱ्या गोऱ्यांपुरतं. "लेमन. गुड लेमन. फोटो नंतर." पोरगी मात्र शिकली, नोकरीला इंग्लंडात गेली आणि तिकडचीच झाली.

तिच्या बाळंतपणाला ही एकटी गेली. मी गाळा सांभाळत इथंच राहिलो. तिकडं गेल्यावर हिची पंचाईत अशी की घराबाहेर एक शब्द बोलता येईना. मंडईत दिवसभर शंभर माणसांशी भांडणारी बाई, तिथं मुकी झाली. नातीला ढकलगाडीत घालून जवळच्या बागेत जायची आणि एका बाकावर बसायची. त्या बाकावर एक म्हातारी यायची, पायाशी कुत्रं. दोघी रोज शेजारी बसायच्या. बोलणं नाहीच. हिनं एकदा इथूनच बरोबर घेतलेल्या डब्यात चिवडा नेला. म्हातारीनं खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, पुन्हा खाल्ला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो बिस्किटं भरून.

"रिकामा पाठवला नाही हो डबा तिनं," ही मला फोनवर सांगत होती. जशी काही ती म्हातारी आमच्या आळीत जन्मली होती.

मग परत यायचा दिवस आला. मी उद्यापासून येणार नाही, मी माझ्या गावी चालले, एवढं हिला सांगता येईना. हातवारे केले, आकाशाकडं बोट दाखवलं. म्हातारीला वाटलं पाऊस येणार म्हणते, तिनं छत्री काढून दाखवली. ही तशीच घरी आली आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसली.

ते तिच्या मनातून गेलं नाही. नात शाळेत जायला लागली तरी गेलं नाही. पाट्यावर चटणी वाटतावाटता मधेच म्हणायची, "ती बाई वाट बघत बसली असेल हो दुसऱ्या दिवशी. तिला काय वाटलं असेल? न सांगता आले मी."

"लेकीला सांगायचं होतंस, ती बोलली असती."

"ती ओली बाळंतीण. आणि ते आमचं दोघींचं होतं. मधे लेकीला कशाला घालू?"

मग लेकीनंच हे शोधून काढलं. समुद्राकाठच्या एका गावात मोठ्या माणसांची शाळा. देशोदेशीची माणसं तिथं सुट्टीला म्हणून येतात आणि इंग्रजी शिकून जातात. सकाळी वर्ग, दुपारी बाजार, बोटीतून फेरी, चहाचं दुकान. राहायचं एका घरात, आणि त्या घरची बाई जेवताना आपल्याशी बोलणारच, तसा नियम. दोन आठवडे तिथं शिकायचं आणि मग लेकीकडं जायचं.

"सुट्टी म्हणतात आणि शाळेत घालतात," मी म्हणालो. "आणि मी कशाला? मला कुणाशी बोलायचंय?"

"बॅगा कोण उचलणार?" ती म्हणाली.

म्हणजे मी हमाल म्हणून चाललो होतो. व्हिसा आला, तिकिटं आली, शाळेत दोन जागा धरल्या. तिला तिथं शिकून बाकावरच्या बाईला एकच गोष्ट सांगायची होती, की मी त्या दिवशी का आले नाही.

आणि ती गेली.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. शेजारणीनं फ्रीज साफ करताना ती गवार टाकून दिली. वास यायला लागला होता म्हणे. मी त्या बिचारीला नको तसं बोललो. लेक आली होती, तिनं शेजारणीची माफी मागितली आणि मला आत नेऊन बसवलं. मग लेकही गेली. तिची रजा संपली, तिची पोर तिकडं.

तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. बिबवेवाडीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, पण मला ते संपतच नाही. या खोलीतून त्या खोलीत जातो, तिथं काय करायला आलो ते आठवत नाही, परत येतो. टीव्ही लावतो, बंद करतो. बसमध्ये बसतो आणि स्वारगेटला उतरायचं सोडून अलीकडंच उतरतो, कारण बसवत नाही. मग चालत मंडई. गाळा आता पुतण्याकडं आहे, त्यानं गवार-भेंडीही ठेवायला घेतलीय. मी तिथं जाऊन लिंबांचे ढीग मोडतो आणि पुन्हा लावतो.

"काका, जरा बसा ना," पुतण्या म्हणतो.

"बसून काय करू?"

"निदान गिऱ्हाइकाच्या मधून तरी बाजूला व्हा."

लेकीचा रोज फोन. तिनं दोन-तीन दिवस इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदा विचारलं, "बाबा, शाळेला कळवायला हवं. एक जागा रद्द करू, की दोन्ही?"

मी म्हणालो, भाजी घ्यायला चाललोय, नंतर बोलू. दुसऱ्या दिवशी तेच विचारलं. मी म्हणालो, दारात कुणीतरी आलंय. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही शाळेत जाऊच नका. सरळ माझ्याकडं या. त्या बागेतल्या बाईला मी जाऊन सांगते. बसमधून दिसते मला ती कधीकधी."

"सांगतेस तर सांग," मी म्हणालो आणि फोन ठेवला. म्हणजे प्रश्न मिटला होता. तरी त्या दिवशी मी मंडईपर्यंत सगळं अंतर पायी गेलो.

गाळ्यावर उभा होतो तर एक बाई आली. शनिवारचं गिऱ्हाईक, कित्येक वर्षांचं. अर्धा डझन लिंबं, आल्याचा तुकडा आणि वर कढीपत्ता, तो मागून घेणार. तिचं नाव आम्हाला माहीत नाही, ती कुठं राहते माहीत नाही. आमच्या हिच्याशी मात्र दर वेळी पंधरा-वीस मिनिटं उभी राहून बोलायची.

"मावशी दिसल्या नाहीत हो बऱ्याच दिवसांत," ती म्हणाली. "गावाला गेल्या का?"

मी लिंबं मोजायला लागलो. पुतण्या म्हणाला, "काकू गेली. झाला महिना."

बाईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मी दर शनिवारी येऊन बघून जायचे. म्हटलं माझ्यावर रागावल्या की काय. मागच्या वेळी मी आल्यावरून जरा बोलले होते, फार मातीचं देता म्हणून."

"आल्यावरून ती कुणावर रागवत नव्हती," मी म्हणालो.

"त्यांचं नाव काय होतं हो? इतकी वर्षं मावशीच म्हणत आले."

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. बाईनं पुतण्याकडं बघितलं. त्यानं चटकन सांगून टाकलं, लिंबाचा भाव सांगावा तसं. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वाटलं ते. बाईनं ते स्वतःशी एकदा म्हटलं, पिशवीच्या कडेनं डोळे टिपले आणि लिंबं न घेताच गेली. लिंबं मी पिशवीत भरून तिच्या मागे गेलो, पण गर्दीत ती सापडली नाही.

तिथूनच लेकीला फोन लावला. तिकडं शनिवारची दुपार होती, ती घरीच.

"बाबा, काय झालं?"

"एकच जागा रद्द कर."

"म्हणजे शाळेत जाणार तुम्ही? एकटे?"

"आणि त्या बाईला तू काही सांगू नकोस."

"अहो बाबा, पण तुम्हाला बोलता आलं नाही तर?"

"म्हणून तर शाळेत घालतेयस ना मला. तुझी आई एकदा न सांगता आली तिकडून. आता दुसऱ्यांदा तसंच कसं चालेल? आणि निरोप घरच्या माणसानं द्यायचा असतो."

"मी काय परकी आहे का?"

"तू लेक आहेस. चिवड्याचा डबा माझ्या घरचा होता."

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "गरम कपडे घ्या. समुद्रावर वारं असतं." मला वाटतं रडत होती. पुतण्या मागून म्हणाला, "काका, इंग्लंडला गाळा टाकताय का? मला पार्टनर घ्या." मी त्याच्या ढिगातली गवार पाव किलो उचलली आणि पैसे न देता निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, चहा केला, स्टूल पंख्याखाली ओढलं. परात काढली, गवार ओतली, फोन समोर भांड्याला टेकवून उभा केला आणि पहिला धडा लावला. माझं नाव सांगितलं. एक शेंग, दुसरी शेंग. मग शेजारच्या माणसाची ओळख. "धिस इज माय वाइफ," मी जमिनीवरच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणालो. "हर नेम इज..."

शीर ओढली. दुसऱ्या शेंगेची ओढली. मग नाव घेतलं. पहिल्यांदा घशातच राहिलं. दुसऱ्यांदा जरा बाहेर आलं. मग मी थांबलोच नाही, एकेका शेंगेला एकदा म्हणत गेलो, आणि आवाज बहुतेक फार चढला असावा, कारण दारावर थाप पडली. उठून उघडलं तर शेजारीण. तिच्या हातात पोह्यांची वाटी होती.

"काका, कुणी आलंय का घरात?" तिनं माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं.

परातीत अजून निम्मी गवार होती. म्हणून मी "नो" एवढंच म्हणालो, वाटी घेतली, "थँक्यू" म्हणालो आणि परत येऊन बसलो.