शेवंताचं इन्सुलिन आणि माझी पदवी

महिना होत आला. दुपारी जोयड्याला ऑफिसात होतो, आमच्या गुंद गावच्या काकांचा फोन आला. "शेवंता गेली रे... दवाखान्यात नेताना, जीपमध्येच." माझी चुलतबहीण, वय बावीस. लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिन टोचल्यावाचून जगता न येणारा. दिवसकार्याला जमलेले लोक म्हणाले, आयुष्यच तेवढं. खोटं आहे. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. गुंदला गेलो की मोबाइलवरच्या इंग्रजी बातम्या वाचून सगळ्यांना मराठीत सांगायचो. एकदा सांगितलं, मूळपेशींपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि रुग्णाच्या अंगात सोडतात; परदेशात चाचणीतल्या काहींची सुई सुटलीय. तांदूळ निवडता निवडता शेवंता हसली. "म्हंजे भाताच्या रोपांचा तरवा तिकडं, लावणी पोटात! आमच्या गुंदात कधी रे दादा ही लावणी?" "लवकरच," मी ठोकून दिलं. चाचणी म्हणजे काय, हे सांगायचे कष्ट घेतले नाहीत.

त्याच तोऱ्यात माझी नजर कोपऱ्यात गेली. ओल्या वाळूत बसवलेलं मडकं, आत इन्सुलिनच्या बाटल्या. काकी रोज वाळूवर पाणी शिंपडायची. इतक्या वर्षांत त्या मडक्यानं दगा दिला नव्हता. मी म्हटलं, "जग पेशी वाढवतंय आणि तुम्ही औषध मडक्यात ठेवताय?" काकी म्हणाली, "डाक्टरनीच सांगितल्यालं हाय, बाबा." मी ऐकलं नाही. सगळ्या बाटल्या उचलून गावातल्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, बर्फाच्या कप्प्यात. जितकं गार तितकं चांगलं... हे माझं विज्ञान!

बाटल्या गोठल्या. बाहेर काढल्यावर वितळल्या, दिसायला तशाच. शेवंता वेळेवर टोचत राहिली, साखर चढत राहिली. उलट्या लागल्या तेव्हा तिनं मलाच फोन केला. "दादा, सुई लागू पडत न्हाई रे." मी म्हटलं, "गोड खाल्लं असशील कुठंतरी." तिच्याशी शेवटचं बोललो ते हे.

इन्सुलिनच्या खोक्यातला कागद मी नंतर वाचला. गोठवू नये, गोठलेलं वापरू नये. इंग्रजीत होतं. घरात इंग्रजी येणारा मी एकटा.

काका-काकींना सगळं सांगून टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काका एवढंच म्हणाले, "तू शिकल्याला, तुला ठावं न्हवतं?"

परवा त्यांच्याकडं जेवायला बसलो. काकीनं भाताचं भांडं पुढं ओढलं आणि वाढण्याआधी सवयीनं आतल्या खोलीकडं तोंड करून विचारलं, "टोचलंस काय गं?"

मग पळी तशीच हातात धरून बसली... आम्ही तिघंही बसलो.