कावळ्याचा पाय

उजव्या हाताची तीन बोटं फाकवून काका ती माझ्या कागदावर टेकवायचे. "भाऊ, इथं कावळा काऊन नाही बसवला?" बोटांना कायम तंबाखू-चुना.

मलकापुरातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये ते वजनकाट्यावर होते आणि मी तिथं संगणकावर नोंदींची व्यवस्था बसवत होतो. त्यासाठी आधी आकृती काढावी लागते. एका चौकटीत 'टेम्पो', दुसरीत 'शेतकरी', मध्ये रेष. रेषेच्या टोकाला आडवी दांडी असली की 'एकच'. तीन बोटांचा फाटा असला की 'अनेक'. त्या फाट्याला आम्ही कावळ्याचा पाय म्हणतो. हे मीच त्यांना हौसेनं सांगितलं, आणि पस्तावलो.

मग चहाच्या टपरीवर कावळा, डबा उघडला की कावळा. तुम्हालाही असा कोणी भेटला असेल, ज्याचं बरोबर असणंच डोक्यात जातं.

शेतकऱ्याच्या टोकाला मी दांडी काढली होती. म्हणजे एका टेम्पोत एकाचाच कापूस.

"अन् तिघं मिळून टेम्पो करतात, त्याइचं?"

"उरलेली नावं शेऱ्यात लिहा, काका."

"शेरा वाचते कोन?"

"तुम्ही काटा पाहा हो. आकृती मी पाहतो."

"पाहा बाप्पा," म्हणाले आणि तंबाखू मळत निघून गेले.

हंगाम सुरू झाला आणि तिघांचा कापूस घेऊन एक टेम्पो आला. संगणक एकच नाव घेई. काकांनी पहिल्याचं घातलं, बाकीची दोन शेऱ्यात. तपासणीत तिसऱ्याचा कापूस ओला निघाला. आतल्या माणसानं पडद्यावरचं नाव पाहिलं आणि पहिल्याचा कोरडा माल नापास करून परत पाठवला. तो शेतकरी फाटकात ओरडत होता, "अबे, माह्या कापसाले हात तं लावून पाहा!"

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "नोंद कोणी केली?"

"म्या," काका म्हणाले.

मालक माझ्याकडे वळले. "तुमच्या कामात काही गफलत?"

"नाही," मी म्हणालो.

काकांच्या हातात माझ्याच आकृतीचा कागद होता. नुसता पुढं केला असता तरी पुरे होतं. त्यांनी तो घडी करून माझ्यासमोर ठेवला. "चालू द्या, भाऊ."

दुसऱ्या दिवशी काट्यावर दुसराच माणूस होता.

आठवड्याभरात मी गुपचूप नव्या कागदावर दांडीच्या जागी कावळ्याचा पाय काढला आणि त्याप्रमाणे व्यवस्था सुधारली. दुपारभराचं काम. कोणाला बोललो नाही. काका मुलीकडे राहायला गेले, असं नंतर कळलं. कुठल्या गावी, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. घडी उलगडली की टेम्पोकडून शेतकऱ्याकडे जाणारी रेष दिसते, आणि तिच्या टोकाशी, माझ्या दांडीवरच, बोटांचे तीन पिवळट ठसे.