एका वायरीचा मिस्त्री

पारनेरच्या एस.टी. स्टँडामागे सहादेवाने गाड्यांच्या वायरिंगचे दुकान टाकले, तेव्हा आसपासच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांतल्या दोन कायमच्या बंद होत्या. पण सहादेव नगरला लष्कराच्या वर्कशॉपात नऊ वर्षे वायरी ओढून आला होता, आणि त्या नऊ वर्षांत आपली एकदाही चूक झाल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते.

त्र्याहत्तर साली गावच्या सोसायटीचे चेअरमन आबासाहेब यांनी लिलावातून लष्कराची जुनी जीप आणली. जीप उत्तम होती. फक्त तिच्या दिव्यांचा उजेड बंपरपलीकडे जायला फारसा राजी नसे. आबासाहेबांचा मळा ओढ्यापलीकडे. तिकडे रस्ता असा नव्हता; लोक जातात म्हणून वाट होती. तेव्हा बंपरवर दोन जादा दिवे बसवायचे ठरले. काम देताना आबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बंपरला त्यांनी स्वतः हिरव्या ऑइलपेंटचे तीन हात दिले होते. त्या रंगाला ओरखडा पडता कामा नये.

"आन् दुसरी म्हंजे, हे जमलं तर सोसायटीचे दोन्ही ट्रक तुमच्याकडं. न्हाई जमलं तर जीप नगरला, आन् ट्रकबी तिच्यामागं."

सहादेवाच्या दुकानाचे पुढे काय होणार, ते एवढ्यात सांगून झाले होते.

काम आबासाहेबांच्या अंगणातच सुरू झाले. ओट्यावर त्यांच्या आई, गोजरबाई, तूर निवडत बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी घरात वीज आली तेव्हा त्या वायरमनच्या मागे मागे हिंडल्या होत्या, त्यामुळे या विषयातले त्यांचे शिक्षण पूर्ण झाले होते. सहादेवाने स्विचपासून एक वायर काढली, चॅसीच्या कडेने बांधत बंपरपर्यंत आणली, दोन्ही दिव्यांना जोडली आणि पक्कड पुसायला घेतली.

"सहादू, दुसरी वायर कुटं हाय?"

"दुसरी लागत न्हाई, मावशी."

"घरातल्या दिव्याला दोन हायत."

"घर काय लोखंडाचं हाय व्हय? गाडी लोखंडाची. इज वायरीतनं दिव्यात जाती, आन् गाडीच्या अंगातनं बॅटरीत माघारी येती."

गोजरबाईंनी जीपच्या अंगाकडे नीट पाहिले. मग उठून बॉनेटला हात लावला. "मला काय चटका बसला न्हाई."

"न्हाईच बसत."

"मंग हितनं इज गेली न्हाई."

सहादेवाने धीर सोडला नाही. "मावशी, सायकलीच्या दिव्याला किती वायरी असत्यात? एकच. लागतोय का न्हाई?"

"लागतोय की. खड्डा आला की इझतोय."

सहादेवाने आधीच घट्ट असलेला एक नट आणखी घट्ट केला.

"टाका की दुसरी," आबासाहेब म्हणाले. "आये म्हनती तर. वायर काय, पडलीच हाय."

"गरज न्हाई ते काम आपल्या हातनं होत न्हाई, आबासाहेब." हे वाक्य सहादेवाने एका हवालदाराकडून उचलले होते आणि ते वापरायची संधी तो कित्येक वर्षे शोधत होता.

दिवेलागणीला अंगणात स्विच दाबला. समोरच्या गोठ्याची भिंत लख्ख उजळली आणि बैलांनी माना वळवल्या. सहादेवाने कोणाकडे पाहिले नाही. आपल्याकडे सगळे पाहत आहेत, हे त्याला न पाहता कळत होते. लगेच मळ्याची फेरी निघाली. आबासाहेब चालवायला, सहादेव शेजारी, आणि कोणी न बोलावता गोजरबाई मागे.

ओढ्यात उतरताना पहिल्या दगडावर डावा दिवा गेला. दुसऱ्यावर डावा आला, उजवा गेला. पुढे दोघांनी पाळ्या लावून घेतल्या. आबासाहेबांनी गाडी थांबवली, तसे दोन्ही दिवे शहाण्यासारखे लागून राहिले.

"नगरला न्यावी लागंल," आबासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होते.

सहादेव उतरला, दिव्याला हात लावून हलवला, आणि कारण त्याला तिथल्या तिथे उमगले. दिवा आणि बंपर यांच्यामध्ये ऑइलपेंटचे तीन हात होते. विजेला माघारी यायची वाट त्या रंगाने अडवली होती. नटाचे टोक कुठेतरी टेकले की वाट मिळायची, धक्का बसला की जायची. रंग खरवडला असता तर सगळे सुरळीत झाले असते. पण रंगाला हात लावायचा नव्हता. उरलेला उपाय मागच्या सीटवर पदर सावरून बसला होता.

त्याने पिशवीतून उरलेली वायर काढली. ती नुसती दाखवायला बांधून दिव्याखालचा रंग गुपचूप खरवडला असता, तरी त्या अंधुक उजेडात कोणाला कळले नसते. पण नऊ वर्षांची सवय. त्याने दोन्ही दिव्यांच्या बुडापासून वायर थेट बॅटरीपर्यंत नेली आणि दोन्ही टोके आवळली. गाडी निघाली. ओढ्यातला एकही दगड आबासाहेबांनी चुकवला नाही. दिवे हलले नाहीत. मागे गोजरबाई बसल्या होत्या, आणि मळा येईपर्यंतची वाट सहादेवाला फार लांब वाटली.

परत आल्यावर आबासाहेबांनी अंगणातच विचारले, "मिस्त्री, खरं सांगा. दुसऱ्या वायरीनं फरक पडला का?"

रंगाचे सांगता आले असते. अर्थिंगवर एक छोटे व्याख्यान तर तयारच होते. सहादेवाने ओट्याकडे पाहिले.

"पडला."

तेवढा एक शब्द बोलायला त्याला वायर जोडण्याहून जास्त वेळ लागला. मग घाईने म्हणाला, "पर त्यो रंग नसता, तर एकीवर भागलं असतं."

"ट्रकांना रंगाच्या जागी गंज हाय," आबासाहेब म्हणाले. "सोमवारी घेऊन येतो. दोन-दोनच टाका."

सहादेवाने मान हलवली. गोजरबाईंनी चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवली, स्वतः पायरीवर टेकल्या, आणि हळूच विचारले, "सहादू, जीपच्या भोंग्याला किती वायरी हायत?"

सहादेवाने आधी चहा संपवला.

"सोमवारी बघतो, मावशी."